नीळकंठशास्त्री ते फादर नेहेम्या : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पुण्याच्या १८९० सालच्या पंचहौद चहा-प्रकरणावर लेख होता. मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा खटला, आले, ते हे प्रकरण. त्या लेखात फादर नेहेम्या गोरे यांचा उल्लेख जेमतेम एका ओळीचा होता. त्या ओळीवरच इतकी पत्रे आली की या वेळचे सदर सगळे त्यांच्यासाठी ठेवले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : गोरे नेमके कोण? बाबा पदमनजी, ना. वा. टिळक यांच्याच मिशनचे का? अँग्लिकन म्हणजे काय वेगळे? (पुणे)

नीळकंठ शिवराम गोरे यांचा जन्म १८२५ चा, झाशीजवळच्या काशीपुरा गावचा. घराणे चित्पावन. घरची मंडळी बांद्याच्या नबाबाच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर होती आणि पुढे काशीला स्थायिक झाली. नीळकंठ काशीतच वाढले. तिथे न्याय, म्हणजे तर्काचे दर्शन, आणि व्याकरण शिकले. घरची उपासना शिवाची होती, त्यांनी स्वतः विष्णूची धरली. म्हणजे घरात चालत आले ते तपासून पाहायची खोड मिशनरी भेटण्याच्या आधीपासूनची.

१८४८ च्या मार्चमध्ये जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. काशीत केला असता तर घरच्यांचा आकांत आणि गावाचा गलका झाला असता, म्हणून जौनपूर. नेहेम्या हे नाव तेव्हाचे. १८६८ मध्ये ते डीकन, म्हणजे दीक्षेच्या पहिल्या पायरीचे धर्मगुरू, झाले, १८७० मध्ये प्रीस्ट, म्हणजे पूर्ण धर्मगुरू, आणि १८९५ मध्ये वारले. कामाच्या जागा काशी, कानपूर, कलकत्ता, महू, इंदूर, चांदा, मुंबई आणि पुणे.

मिशनचे म्हणाल तर तिघे तीन घरचे. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगावात लंडन मिशनकडे झाला आणि पुढचे आयुष्य स्कॉटिश फ्री चर्चमध्ये गेले. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनकडे. गोरे चर्च ऑफ इंग्लंडचे, म्हणजे अँग्लिकन. ओळखायची सोपी खूण बिशप, म्हणजे धर्मप्रांताचा मुख्य धर्मगुरू. अमेरिकन मराठी मिशनच्या व्यवस्थेत बिशप नव्हता, स्थानिक मंडळी आपला कारभार पाहत असे. स्कॉटिश मंडळ्यांत निवडलेल्या वडीलधाऱ्यांची सभा असते. अँग्लिकन चर्चमध्ये बिशपने डोक्यावर हात ठेवल्याशिवाय कोणी धर्मगुरू होत नाही, आणि १६६२ चे सामान्य प्रार्थनापुस्तक व १५७१ ची ३९ कलमे हा उपासनेचा नि शिकवणीचा पाया असतो.

अँग्लिकन घरातही दोन ओसऱ्या होत्या. १७९९ ची चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे सीएमएस, बायबल आणि व्यक्तीचे परिवर्तन यांवर भर देणारी. १७०१ ची एसपीजी, म्हणजे सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल, आणि ऑक्सफर्ड चळवळीतून, म्हणजे चर्चला जुन्या परंपरेकडे वळवणाऱ्या चळवळीतून, निघालेले संघ हे चर्चची परंपरा, संस्कार, बिशपांची अखंड मालिका यांवर भर देणारे. गोरे पहिल्या ओसरीतून आत आले आणि दुसरीत जाऊन बसले. त्यांच्या चरित्रातले निम्मे गोंधळ हे न कळल्याने होतात.

प्रश्न : बाप्तिस्मा १८४८ चा आणि दीक्षा १८७० ची. मधली बावीस वर्षे काय? धर्मगुरू होण्याच्या पायऱ्या कोणत्या होत्या? (नागपूर)

आधी पायऱ्या. बाप्तिस्म्यानंतर दृढीकरण, म्हणजे बिशपच्या हातून होणारा विधी. त्याशिवाय प्रभुभोजनाला बसता येत नसे. मग मिशनच्या कामात माणूस बहुधा कॅटेकिस्ट होई. शिकवणे, बाजारात वा मेळ्यात बोलणे, बाप्तिस्म्याला आलेल्यांची तयारी करून घेणे ही त्याची कामे. यासाठी दीक्षा लागत नाही.

डीकनसाठी वय किमान २३ पूर्ण आणि प्रीस्टसाठी २४. उमेदवाराच्या वागणुकीबद्दल धर्मगुरूंची पत्रे, बिशपच्या परीक्षक-चॅपलनकडे शास्त्राची परीक्षा, आणि ‘टायटल’, म्हणजे दीक्षेनंतर काम कुठे आणि पोटापाण्याची सोय कोणाकडून याची खात्री, एवढे जमल्यावर बिशप तारीख देई. त्याआधी चर्चमध्ये जाहीर विचारणा होई, की या माणसाविरुद्ध कोणाला काही सांगायचे आहे का. दीक्षेच्या वेळी ३९ कलमांना आणि प्रार्थनापुस्तकाला संमतीची सही. वर्षातून चार वेळा येणाऱ्या एम्बर उपवासाच्या दिवसांनंतरचा रविवार हा दीक्षेचा नेहमीचा मुहूर्त.

डीकन शुभवर्तमान वाचतो, प्रभुभोजनात मदत करतो, प्रीस्ट नसेल तर बालकांना बाप्तिस्मा देतो, आणि बिशपने परवानगी दिली असेल तर प्रवचन करतो. भाकर व द्राक्षारस पवित्र करणे आणि पापमुक्तीचे वचन उच्चारणे ही दोन कामे त्याला करता येत नाहीत. डीकन झाल्यावर सामान्यतः एक वर्ष तसेच काढावे लागते. गोऱ्यांना कलकत्त्याचे बिशप रॉबर्ट मिलमन यांनी १८६८ मध्ये डीकन आणि १८७० मध्ये प्रीस्ट केले, म्हणजे हे अंतर नियमाला धरूनच आहे.

खरा उशीर १८६८ च्या आधीचा. त्याचे कारण म्हणून कोणी विद्वत्तेची कमतरता सांगेल तर ते हास्यास्पद आहे. गोऱ्यांना शंका पडत, आणि शंका दाबून कलमांवर सही करणाऱ्यांतले ते नव्हते. आधी शंका ख्रिस्ती धर्माच्या प्रमाणांविषयी होत्या. मग प्रश्न आला की बायबलचा अर्थ लावायचा अधिकार कोणाचा. प्रत्येकाने आपापला लावायचा तर तो तर्कच झाला, आणि तर्काला तळ नसतो हे नैयायिकाला कोणी शिकवायला नको. हाच प्रश्न त्यांना सीएमएसच्या ओसरीतून उचलून परंपरेच्या बाजूला घेऊन गेला.

मधल्या वर्षांत १८५४ चा इंग्लंडचा प्रवासही आहे. पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर त्यांचे शिक्षक म्हणून ते गेले. त्या मुक्कामात संस्कृतज्ञ मॅक्स म्यूलरशी त्यांची भेट झाली. लंडनमधले ख्रिस्ती लोकांचे प्रत्यक्ष जगणे पाहून गोरे किती खिन्न झाले होते, हे म्यूलरने पुढे आपल्या आठवणींत नोंदले आहे.

काही मराठी लेखांत ‘१८४८ मध्ये पाद्री झाले’ असे छापलेले आढळते. बाप्तिस्मा आणि दीक्षा एक समजल्याने ही चूक होते.

प्रश्न : ख्रिस्ती होण्याआधी त्यांनी ख्रिस्ती धर्माविरुद्ध संस्कृत ग्रंथ लिहिला होता हे खरे का? (ठाणे)

खरे. ग्रंथाचे नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, काळ १८४४-४५.

पार्श्वभूमी अशी. कंपनी सरकारातले स्कॉटिश अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत पद्यग्रंथ काढला. गुरुशिष्यसंवादाची घडण, अनुष्टुभ छंद, सगळा थाट आपल्याकडचा. खऱ्या धर्माच्या तीन कसोट्या त्यांनी मांडल्या. प्रवर्तकाने चमत्कार केलेले असावेत, ग्रंथ पवित्र आचार शिकवणारा असावा, आणि तो सर्व मानवजातीसाठी असावा. तिन्ही कसोट्यांवर ख्रिस्ती धर्म उतरतो आणि हिंदू धर्म उतरत नाही, असा निकाल.

याला पंडितांकडून तीन संस्कृत उत्तरे आली. पहिले सोमनाथ या नावाने. हे सिहोरचे सुबाजी बापू, मराठी माणूस, कोपर्निकसचे खगोल मराठीतून समजावणाऱ्या ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाशा’चे कर्ते, असे आता अभ्यासक मानतात. त्यांचा सूर समजुतीचा, की देव एक, वाटा अनेक. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे, तिखट. तिसरे नीळकंठ गोऱ्यांचे, आणि वादाच्या दृष्टीने तिघांत हेच सर्वांत कसलेले.

त्यातली मुख्य चाल लक्षात घ्यावी. गोरे म्हणतात, शास्त्राचे प्रामाण्य श्रद्धेने कळते. तर्क शास्त्राच्या आत चालतो, शास्त्राच्या वर बसत नाही. आणि तर्कच चालवायचा म्हणत असाल तर तुमच्यावरही चालवतो. एकच जन्म मानला तर कोणी आंधळा जन्मतो, कोणी राजाच्या घरी, याचा हिशेब कसा लावणार? पूर्वकर्म मानत नाही म्हणता, तर विषमतेचा दोष थेट ईश्वरावर येतो. जनावरांचे हाल कशासाठी? साठ-सत्तर वर्षांच्या पापाला अंत नसलेला नरक हा कुठला न्याय?

हे वाद त्या काळात सीएमएसचे काशीतले मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी प्रत्यक्षही चालले होते. तीनच वर्षांनी बाप्तिस्मा. म्हणून काहींना वाटते की ग्रंथ म्हणजे नुसती पंडिती कसरत होती. आम्हाला तसे वाटत नाही. १८६८ मध्ये, डीकन झाले त्याच वर्षी, त्यांनी अनंत शिक्षेच्या सिद्धान्तावरील आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका कलकत्त्यात काढली. म्हणजे जो आक्षेप त्यांनी स्वतः मिशनऱ्यांच्या तोंडावर फेकला होता, तो तेवीस-चोवीस वर्षे त्यांच्याच अंगावर होता.

‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ छापून यायला १९५१ साल उजाडले. सदाशिव कात्र्यांनी संपादित केलेली प्रत उज्जैनच्या सिंदिया प्राच्य संस्थेने काढली.

प्रश्न : ‘षड्दर्शनदर्पण’ संस्कृतच्या विद्यार्थ्याने वाचावे का? हिंदी वाचावे की इंग्रजी? त्यातली टीका रास्त आहे का? (सांगली)

वाचावे, आणि शक्य तर दोन्ही शेजारी ठेवून.

सहा हिंदू दर्शनांवर टीका करणारे हे गोऱ्यांचे पुस्तक. मूळ हिंदी १८६० चे, कलकत्त्यात छापलेले. इंग्रजी भाषांतर १८६२ चे, फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाचे. हॉल काशीच्या संस्कृत कॉलेजात होते आणि विज्ञानभिक्षूचे ‘सांख्यप्रवचनभाष्य’ त्यांनीच संपादित केले होते. इथे एक अडचण येते. भाषांतराच्या मुखपृष्ठावरच लिहिले आहे की ते छापील आणि हस्तलिखित अशा दोन्ही हिंदी मजकुरांवरून केले आहे. त्यामुळे छापील हिंदीत नसलेले परिच्छेद इंग्रजीत भेटतात. ‘गोरे असे म्हणतात’ असा उतारा देताना कोणती आवृत्ती ते सांगितलेच पाहिजे. दुसरे, इंग्रजीतल्या तळटीपा हॉल यांच्या हातच्या. मूळ संस्कृत वचने तिथे दिलेली असल्याने त्या मोलाच्या आहेत, पण त्यांतली मते गोऱ्यांच्या नावावर टाकू नयेत.

रचना तीन भागांची. पहिल्यात सर्व दर्शनांना समान असलेले सिद्धान्त आणि सांख्य, योग, मीमांसा यांचा समाचार. दुसऱ्यात न्याय-वैशेषिक. तिसऱ्यात वेदान्त, आणि तो म्हणजे अद्वैत वेदान्त. रामानुज किंवा मध्व यांचा वेदान्त इथे खरा प्रतिपक्ष नाही. हे न पाहता ‘गोऱ्यांनी वेदान्त खोडला’ असे म्हणणे सैल आहे.

न्यायाचा भाग आमच्या मते सर्वांत सरस. घरचा माणूस बोलतो आहे हे जाणवते. मुद्दा असा की नैयायिक ईश्वर मानतात खरे, पण परमाणू नित्य, जीव नित्य, जीवांचे अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्माचा न दिसणारा साठा, अनादी. मग ईश्वराने निर्माण असे काय केले? त्याच्याकडे आहे ती जुळवणी. असा ईश्वर गोऱ्यांना ईश्वर वाटत नाही. आणि मोक्ष? दुःखाबरोबर ज्ञान आणि सुखही गेले तर उरलेला आत्मा आणि दगड यांत फरक कोणता? हा टोमणा गोऱ्यांच्या पदरचा नाही. वेदान्त्यांनी नैयायिकांना तो पिढ्यान्‌पिढ्या मारलेला आहे. गंमत अशी की तिसऱ्या भागात तोच टोमणा ते वेदान्त्यांच्या विषयशून्य चैतन्याला मारतात.

सांख्यावरचा आक्षेप ठरलेला आहे, की जड प्रकृती प्रयोजन धरून कशी वागते आणि बुद्धीचे धर्म जडाला कसे लावता. तिथे फार थांबायला नको.

वेदान्ताच्या भागात सगळा भर सत्तेच्या तीन प्रकारांवर आहे, पारमार्थिक (अंतिम खरी), व्यावहारिक (व्यवहारापुरती) आणि प्रातिभासिक (नुसती भासणारी). गोरे विचारतात, व्यावहारिक सत्ता म्हणजे आहे की नाही? आहे म्हणाल तर द्वैत आले. नाही म्हणाल तर तिला सत्ता म्हणता कशाला? एकच शब्द दोन अर्थांनी वापरून प्रतिपक्षाला चकवता, असा त्यांचा आरोप. अज्ञानाचा आश्रय कोण, हा प्रश्नही येतो. ब्रह्म असेल तर ब्रह्मच अज्ञानी ठरते, आणि जीव म्हणावा तर तो अज्ञानानंतरचा.

टीका रास्त आहे का? अर्धी. अद्वैती ‘सदसद्विलक्षण’, ‘अनिर्वचनीय’ म्हणतो तेव्हा तो आहे-नाही या दोनांतून निवडायलाच नकार देतो. हा नकार मान्य न करता गोरे पुन्हा त्याच दोन पर्यायांत त्याला कोंडतात. त्यांचा वाद चालतो तो ‘वेदान्तपरिभाषे’सारख्या पाठशाळेत पढवल्या जाणाऱ्या ग्रंथांच्या व्याख्यांशी. व्याख्येतली फट त्यांच्या नजरेतून सुटत नाही. उपनिषदे ज्या अनुभवाची भाषा बोलतात तिच्याकडे मात्र ते फारसे वळत नाहीत.

विद्यार्थ्याने क्रम असा धरावा. आधी ‘तर्कसंग्रह’ हे न्यायाचे प्राथमिक पुस्तक आणि त्यावरची दीपिका टीका, मग दर्पणाचा दुसरा भाग. त्यानंतर ‘वेदान्तसार’ आणि तिसरा भाग. थेट तिसऱ्यावर उडी मारणारे पूर्वपक्ष कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झाले यातच हरवतात.

प्रश्न : पंडिता रमाबाईंना गोऱ्यांनी ख्रिस्ती केले असे म्हणतात. रमाबाईंचा बाप्तिस्मा तर इंग्लंडमध्ये झाला. मग? (न्यू जर्सी)

बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला झाला, मुलगी मनोरमेसह. तिथल्या सेंट मेरी या अँग्लिकन संन्यासिनी-संघाच्या भगिनी पुण्यातही काम करत. पतीच्या निधनानंतर १८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा मिस हरफर्डकडे त्या इंग्रजी शिकल्या आणि गोऱ्यांशी त्यांचे धर्मविषयक बोलणे झाले. पुढे आत्मनिवेदनात दोघांचेही ऋण त्यांनी मानले आहे.

पण ‘ख्रिस्ती केले’ हा शब्दप्रयोग रमाबाईंवरही अन्याय करतो आणि गोऱ्यांचा युक्तिवादही झाकतो. त्या वेळी रमाबाईंची बैठक ब्राह्म मताची, म्हणजे बंगालच्या ब्राह्म समाजाच्या वळणाची, होती. एक निराकार ईश्वर, तो पित्यासारखा, आणि हे सारे आपल्या वेदांमध्येच आहे. गोऱ्यांनी पत्रांतून नेमका शेवटचा दुवा तोडला. शून्यातून सृष्टी करणारा, पवित्र, पापाचा तिटकारा असलेला पितृरूप ईश्वर वेदांमध्ये दाखवा म्हणाले. तुम्ही ज्याला ब्राह्म धर्म म्हणता तो ख्रिस्ती शिकवणीतून उचललेला आहे, नाव तेवढे बदलले आहे. आपले मन वळवणे दुसऱ्या कोणाला जमले नसते, गोऱ्यांच्या पत्रांनी ते केले, असे रमाबाईंनी वाँटेजच्या भगिनींना लिहिलेल्या पत्रात आहे.

हा युक्तिवाद केवळ रमाबाईंसाठी रचलेला नव्हता. १८६० च्या दशकात त्यांनी ब्राह्मांना उद्देशून पत्र छापले होते. १८७५ मध्ये मुंबई आणि पुण्यात दिलेली चार व्याख्याने प्रसिद्ध झाली. तिथे समोर प्रार्थनासमाजाच्या वळणाची मंडळी होती. १८८९ च्या पुस्तिकेचे तर शीर्षकच असे, की ब्राह्म मताचे अस्तित्व हाच ख्रिस्ती धर्माच्या दैवी उगमाचा पुरावा.

कच्चा दुवा कुठे आहे तेही सांगायला हवे. एखादी कल्पना ख्रिस्ती संपर्कातून आली, एवढ्याने ती ईश्वरदत्त ठरत नाही. उगम आणि प्रामाण्य हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि गोरे काही वेळा एकावरून दुसऱ्यावर घाईने जातात. दुसऱ्या बाजूला, भक्तीची परंपरा ते नुसती बाद करत नाहीत. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा यांचे जे शिक्षण हिंदूंना घरातून मिळाले त्यामुळे ख्रिस्ताची शिकवण कळायला आपले मन तयार झाले, असे त्यांनी १८८७ च्या सुमारास लिहिले. पुढच्या काळात भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्रावर लिहिणाऱ्यांनी गोऱ्यांचे सर्वांत जास्त उद्धृत केलेले वाक्य हेच असावे.

रमाबाई मात्र गोऱ्यांच्या वाटेने शेवटपर्यंत गेल्या नाहीत. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव), ते मांडणारा अथनेशियसच्या नावाचा मतांगीकार, चर्चचा अधिकार यांवरून त्यांची वाँटेजच्या भगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी लांबलचक पत्रापत्री झाली. ज्या अधिकाराच्या प्रश्नावर गोरे परंपरेकडे झुकले, त्याच प्रश्नावर रमाबाई सदसद्विवेकाकडे झुकल्या.

प्रश्न : ‘फादर’ म्हणजे कॅथलिक ना? (वसई)

वसईच्या वाचकाला असे वाटणे साहजिकच आहे, पण नाही. रिचर्ड बेन्सन यांनी ऑक्सफर्डजवळच्या काउली इथे १८६६ मध्ये सेंट जॉन संघ स्थापन केला. अँग्लिकन चर्चमधला हा संन्यस्त धर्मगुरूंचा संघ. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्यांची व्रते. त्यांना ‘काउली फादर’ म्हणत. १८७४ पासून मुंबईत आणि मग पुण्यात वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, पंचहौदला त्यांचे काम होते. पवित्र नाम देवालय तिथलेच. संघाचे फादर ओनील इंदूरला अगदी साधेपणाने राहत, त्यांच्याबरोबरही गोऱ्यांनी काम केले.

१८७६ मध्ये गोरे काउलीला गेले आणि नवशिक्या, म्हणजे व्रते घेण्याआधीचा उमेदवार, म्हणून दाखल झाले. अंतिम व्रते मात्र त्यांनी कधीच घेतली नाहीत. राहणी संन्याशाची, संघाशी नाते अखेरपर्यंत, तरी दर्जा नवशिक्याचा. त्यामुळे ‘काउली संघाचे सदस्य’ असे सरसकट लिहिणे बरोबर नाही. त्यांचे चरित्र १९०० मध्ये निघाले, लेखक गार्डनर. त्यात शंकांची पत्रेच्या पत्रे आहेत. कंटाळवाणे वाटले तरी ती गाळू नका, चरित्राचा गाभा तिथे आहे.

प्रश्न : आमचे खापरपणजोबा नगर जिल्ह्यात १८८० च्या आसपास ख्रिस्ती झाले. घरात ‘बिशपच्या हातून’ एवढेच सांगतात. बाप्तिस्म्याची नोंद कशी शोधावी? (अहिल्यानगर)

विषय गोऱ्यांचा नाही, पण त्यांच्यासारख्यांची नोंद शोधण्याची रीत हीच, म्हणून सविस्तर.

पहिले काम, मिशन ठरवणे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आणि एसपीजी १८७० च्या दशकापासून, दोन्ही होती. एकाच गावात दोन्हींची घरे सापडतात. ‘बिशप’ हा शब्द घरात टिकला असेल तर एसपीजीची शक्यता मोठी. पण बिशप बहुधा दृढीकरणाला येत, बाप्तिस्मा स्थानिक धर्मगुरू देत. म्हणजे आठवणीतले साल दृढीकरणाचे असू शकते. बाप्तिस्मा त्याच्या काही महिने ते काही वर्षे आधी शोधा.

दुसरे, मूळ नोंदवही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अस्तित्वात आले तेव्हा अँग्लिकन चर्च त्यात विलीन झाले. म्हणून विचारणा सीएनआयच्या स्थानिक मंडळीकडे आणि मग धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे करावी. पत्रात पाच गोष्टी द्या, जुने नाव, बाप्तिस्म्याचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि तीन ते पाच वर्षांचा कालावधी. ‘१८८० च्या आसपास’ एवढ्यावर कोणी वही उघडणार नाही. नोंदीत तारीख, नाव, आईवडील, राहण्याचे ठिकाण, व्यवसाय आणि बाप्तिस्मा देणाऱ्याची सही असे रकाने असतात. मोठ्या वयाच्या माणसाचा बाप्तिस्मा वेगळ्या पानांवर वा वेगळ्या वहीत असू शकतो. बालकांची पाने संपली की लोक थांबतात, तिथेच चूक होते.

तिसरे, लंडनच्या प्रती. कंपनीच्या काळापासून इलाख्यांकडून चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बंगालच्या एन-१, मद्रासच्या एन-२, मुंबईच्या एन-३ या खुणेखाली. इथे भूगोल नीट पाहा. नगर मुंबई इलाख्यात, म्हणून एन-३. पण चांदा-नागपूरचे पूर्वज असतील तर एन-१ पाहा, कारण नागपूरला बिशप १९०३ मध्ये आला, तोवर तो भाग कलकत्त्याच्या बिशपकडे होता. जौनपूर-काशीही एन-१ मध्येच. या नकलांत युरोपीय लोक बहुसंख्य आहेत आणि देशी ख्रिस्ती थोडे, तेव्हा तिथे नाव मिळाले नाही म्हणून बाप्तिस्मा झालाच नाही असे समजू नये.

चौथे, मिशनचे कागद. एसपीजीचे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात, सीएमएसचे बर्मिंगहॅम विद्यापीठात. वार्षिक अहवालांत गावनिहाय बाप्तिस्म्यांचे आकडे असतात, नावे क्वचित. आकड्यावरून साल पक्के होते आणि मग वही शोधणे सोपे जाते.

नावांचे रोमन स्पेलिंग हा मोठा खड्डा. गोऱ्यांचेच घ्या. नीळकंठ, नीलकंठ, नेहेम्या, नहेम्या, आणि आडनाव कुठे गोरे तर कुठे गोऱ्हे. रोमनमध्ये याची डझनभर रूपे होतात. शोधताना आडनावावर विसंबू नका. अनेक नोंदींत ते नसतेच, बाप्तिस्म्याचे नाव आणि बापाचे नाव एवढेच असते.

प्रश्न : एलन गोरे या कवयित्री त्यांच्या कोण? (बंगळुरू)

मुलगी, एलन लक्ष्मी. जन्म १८५३, काशी. आई लक्ष्मीबाई लवकर गेल्या. मुलगी आधी एका निळीच्या मळेवाल्याच्या घरी आणि मग मिशनरी स्टॉर्स कुटुंबात, इंग्लंडमध्ये वाढली. १८८० मध्ये ती भारतात परतली आणि पुढे डीकनेस, म्हणजे चर्चची दीक्षित सेविका, झाली. तिचा इंग्रजी गीतसंग्रह १८८३ चा. देवाच्या सान्निध्यातल्या गुप्त विसाव्यावरचे तिचे गीत जॉर्ज स्टेबिन्स यांच्या चालीवर अजून गायले जाते.

प्रश्न : ग्रंथालयात ‘गोरे, अँग्लिकन’ असे शोधले तर ‘लक्स मुंडी’ हे पुस्तक आले. ते यांचेच का? (कोल्हापूर)

नाही. ते चार्ल्स गोर, १८५३ ते १९३२, इंग्लंडमधले बिशप आणि धर्मशास्त्री. १८८९ चा ‘लक्स मुंडी’ हा निबंधसंग्रह त्यांनी संपादित केला. रोमन लिपीत दोघांची आडनावे एका अक्षराने वेगळी. आपल्या गोऱ्यांच्या आडनावाच्या शेवटी एच आहे, तो टाकून शोधा. तरीही चार्ल्सच येत राहिले तर लेखकाऐवजी विषयात ‘हिंदू तत्त्वज्ञान’ घालून साल १८६२ द्या, हॉल यांचे भाषांतर वर येईल.